भिंतीत वर चढलेली वाळू

३ मे, शनिवार

मंडळाच्या नव्या हॉलचा खड्डा पाहून आले. दिलीपदादांनी (आमचे अध्यक्ष, इथून पुढे दि.दा., पूर्ण नाव मीटिंगच्या मिनिट्समध्ये भरपूर येतं) सगळ्या कार्यकारिणीला पिवळी जॅकेटं आणि हेल्मेटं घालून वऱ्हाडासारखं रांगेने खाली नेलं. वर हॉल, खाली दोन मजले पार्किंग. माणसं किती बसणार त्यावर गाड्यांची जागा ठरते, काउन्सिलचा नियम. म्हणजे आधी गाड्यांची सोय, मग संस्कृतीची.

पश्चिमेच्या भिंतीपाशी थांबले ती थांबलेच. काळपट शेल. चिखलाचा झालेला खडक, पातळ आडवे थर, पापडांची चळत ठेवावी तसे. आणि त्या सगळ्या आडव्याला छेदून जाणारी एक फिकट पिवळी शीर. उभी. तळाशी पंजाएवढी रुंद, वर जाताना निमुळती, माझ्या डोक्यावर गेल्यावर एका बाजूला वळलेली.

वाळू. शेलमध्ये. उभी.

पुण्यात भूगर्भशास्त्र केलं, इथे येऊन त्यातच मास्टर्स, मग पीआरसाठी, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्यासाठी, जी मिळाली ती नोकरी. ती अजून चालू आहे: पॅरामॅटाला सरकारी खात्यात बसून लोकांच्या तक्रारींना नम्र उत्तरं लिहायची. नम्रपणा करून जे तुंबतं ते मंडळाच्या अंकातल्या माझ्या सदरात सोडायचं. इतक्या वर्षांत दगडाकडे फक्त बसायला जागा म्हणून पाहिलं. आज त्याने ओळख दाखवली.

साइट इंजिनीयर ऑल्विन डिमेलो, मूळ वसईचा, मागून म्हणाला, "अरुताई, हात नका लावू, ढिलं आहे ते." विचारलं, ही भिंत अशीच राहणार ना? त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. आधी जाळी, मग शॉटक्रीट. म्हणजे नळीतून काँक्रीट फवारून सगळं राखाडी.

मी म्हटलं, बघू.

४ मे, रविवार

सकाळपासून फोटो मोठे करून पाहतेय. ईरा (कन्या, युनिचं दुसरं वर्ष) खांद्यावरून वाकली. "मम, इज दॅट मोल्ड?" बुरशी नाही गं, भूकंप. बहुतेक. "इन सिडनी? कूल." टोस्ट घेऊन गेली.

स्वतःसाठी मांडून ठेवते, कारण लवकरच कोणीतरी विचारणार आणि मी चिडून भलतंच सांगणार.

खाली पाण्याने भरलेली सैल वाळू. तिच्यावर चिखलाचा थर, दाबून दाबून टणक होत आलेला, खडक व्हायच्या वाटेवर. जमीन हलते. सैल दाण्यांना नीट बसायचं असतं, डबा आपटला की तांदूळ बसतात तसं. पण दाण्यांच्या मध्ये पाणी आहे आणि वरच्या झाकणातून त्याला वाट नाही. मग वरचं ओझं दाण्यांवरून पाण्यावर येतं. दाणे एकमेकांचा हात सोडतात आणि इतका वेळ जमीन म्हणून मिरवणारी वाळू पळीवाढी होते. वरचं झाकण त्याच हादऱ्यात तडकलेलं. वाळूला तडा सापडतो. ती चढते. हादरा थांबतो, पाणी झिरपून जातं, वाळू आहे तिथेच राहते. त्यावर वीस कोटींहून जास्त वर्षं जातात आणि मग मराठी मंडळाला पार्किंग हवं असतं.

हे मला इतकं का आवडतं ते ईराने विचारलं नाही. बरं झालं.

मिलिंदचा फोन. तो डार्विनला गॅस प्लांटवर, तीन आठवडे तिथे, एक इथे. आमचा संसार टिकण्याचं रहस्य. सांगितलं, मी ती भिंत वाचवणार आहे.

"कोणापासून?"

"आपल्या लोकांपासून."

मग म्हणाला, "तू हरणार. पण फोटो नीट काढ, पट्टी ठेवून."

६ मे, मंगळवार

युनिच्या भूगर्भ विभागाला फोटो पाठवले होते. उत्तर आलं. अतिशय इंटरेस्टिंग, हिवाळ्याच्या सुट्टीत कोणाला तरी पाठवता येईल का पाहतो. हिवाळ्याच्या सुट्टीत तिथे टोयोटा उभी असेल. माझीच पद्धत माझ्यावर: नम्र, सविस्तर, आणि काहीही न करणारं उत्तर. व्याकरणही चांगलं होतं.

लंचमध्ये ऑ.ला फोन. (ऑल्विनला पूर्ण लिहायला हरकत नाही, पण दि.दां.ना वाईट वाटेल.) तो म्हणाला, शेल उघडं ठेवता येत नाही. ऊन-पाऊस लागला की पोपडे सुटतात, मग तुकडे, मग एक दिवस कुणाच्या तरी बॉनेटवर भिंत. एकच मार्ग. दाराएवढी एक खिडकी सोडायची, दोन्ही बाजूंनी खडकात बोल्ट मारायचे, खाली पाण्याला वाट, पुढे जाड काच. डिझाइनरला त्याने विचारलंही होतं. माझ्या आधी.

"तुम्हाला विचारायला कोणी सांगितलं?"

"कोणी नाय. तुम्ही ज्या नजरेने बघत होत्या ना, माझी आय वसईला वाडी विकली त्या दिवशी तशी बघत होती."

मग घाईने म्हणाला, मंडळाने लेखी मागणी केली पाहिजे पण. कार्यकारिणीचा ठराव. काँक्रीटवाले येईपर्यंत.

कार्यकारिणीचा ठराव. आमची चहा उपसमिती दूध आधी की साखर आधी यावर फुटली होती.

८ मे, गुरुवार

दि.दां.ना फोन. दि.दा. बँकेत आयटीत मोठे आहेत. माणूस वाईट नाही, फक्त प्रत्येक वाक्य कुणालाही न लागता कडेने न्यायची सवय. खिडकीचं सांगितलं. ते म्हणाले छान आहे, पण लोक विचारतील, वाळू कशाला जपायची? बाँडायच्या बीचवर पुष्कळ आहे.

म्हटलं, बाँडायची वाळू आडवी पडलेली असते.

"ते ठीक आहे गं. पण अपील काय आहे त्यात?"

सदराला विषय मिळाला. भिंत मात्र मिळाली नाही.

११ मे, रविवार

मदर्स डे. ईरा मला ब्रेकफास्टला नेणार होती, नेलंही. अंडी येईपर्यंत ऑ.चा मेसेज: "लवकर या. पूजा चालू झाली आहे."

पोचले. दि.दां.नी मदर्स डे म्हणून आईंना बांधकाम दाखवायला आणलं होतं. आई म्हणजे शांताबाई, वय ऐंशीच्या पुढे, दादरहून मुलाकडे येऊन राहिलेल्या. मंडळात सगळेच त्यांना आई म्हणतात आणि सगळेच टरकून असतात. आई उतारावरून दि.दां.चा हात धरून खाली आल्या, भिंतीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ही सोंड.

आणि खरंच, एकदा कोणी सांगितलं की दिसते. वर जाऊन डावीकडे वळलेली.

भूमिपूजनाचं उरलेलं साहित्य दि.दां.च्या गाडीच्या डिकीत होतंच. मी पोचेपर्यंत शेंदूर तेलात कालवून शिरेला फासून झाला होता आणि नारळ एक्स्कव्हेटरच्या दातावर फोडला होता. ऑ. गळ्यात क्रूस, हातात खोबऱ्याचा तुकडा, चेहरा कुठे ठेवावा ते कळत नाही असा उभा.

वीस कोटी वर्षं कोणी हात लावला नाही त्याला, आणि आपण आल्या आल्या.

म्हटलं, "आई, हा गणपती नाही. ही वाळू आहे."

दि.दा. दातांतल्या दातांत, "अरु, आज नको. मदर्स डे आहे."

आईंनी फक्त माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. माझं वाक्य पुरं झालं की अजून बाकी आहे, हे बघत असल्यासारखं.

घरी येऊन गार अंडी खाल्ली. ईरा म्हणाली, "यू फॉट अ ग्रॅनी ऑन मदर्स डे." हो. आणि जिंकलेही नाही.

१२ मे, सोमवार

व्हॉट्सअॅप ग्रुपला महापूर. दि.दां.च्या चिरंजीवाने फोटो टाकला, त्याखाली हात जोडलेले, फुलं, परत हात. एकाने लिहिलं, परदेशातला पहिला स्वयंभू. दुसऱ्याने लिहिलं, माझ्या माहितीत दुसरा. तिथेच वाद. मेलबर्नहून कोणीतरी दर्शनाच्या वेळा विचारल्या आणि पार्किंग आहे का.

आहे. फक्त पार्किंगच आहे.

मी लिहिलं: "ती पाण्याने भरलेली वाळू होती. बहुधा भूकंपाच्या हादऱ्याने खालून तड्यात घुसलेली. ती जशी आहे तशी बघणं हे पूजेपेक्षा कमी नाही."

तीन जणांनी थंब्स अप. त्यातला एक माझा नवरा.

१३ मे, मंगळवार

दिवसभर पाऊस. ऑ. म्हणाला शेलचे पोपडे सुटायला लागलेत, ताडपत्री लावली आहे, पण आता थांबता येणार नाही. सोमवारी, १९ला, काँक्रीट. रविवारी मीटिंग आहे ना तुमची? तिथे काय ते ठरवा.

"आणि नाही ठरलं तर?"

"तर राखाडी."

१५ मे, गुरुवार

दि.दा. लंचला पॅरामॅटाला आले. लाइट रेलच्या स्टॉपसमोर कॉफी. एवढा साधा माणूस एवढ्या तयारीने आला की मी समजले.

प्रस्ताव असा. खिडकी मिळेल. काच, बोल्ट, दिवे, सगळं. लोक आता भिंतीसाठी वेडे झाले आहेत, एकही विरोधी मत पडणार नाही. फक्त काचेवर पाटी 'स्वयंभू श्रीगणेश'. आणि हॉलच्या उद्घाटनाच्या स्मरणिकेत त्याचं माहात्म्य मी लिहायचं.

"मी?"

"तू जिऑलॉजिस्ट आहेस. तू लिहिलंस तर कोणी प्रश्न विचारणार नाही."

इतक्या वर्षांत मला जिऑलॉजिस्ट म्हणणारा पहिला माणूस. आणि कशासाठी म्हणाला बघ.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

त्यांनी साखरेची पुडी नुसती फिरवली. मग लोकांत फूट पडेल, अरु. अर्धे म्हणतील देव आहे, अर्धे म्हणतील, नाही, अरुच तसं सांगते. फूट पडण्यापेक्षा भिंत झाकलेली बरी. "तुला नक्की काय हवंय? भिंत की वाद?"

"दोन्ही," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. मीही विनोद केला नव्हता.

घरी आल्यावर, नुसतं बघावं म्हणून, माहात्म्याच्या चार ओळी लिहून पाहिल्या. 'अनादि काळापासून या दक्षिण भूमीच्या उदरात...' भयंकर गोष्ट म्हणजे छान जमलं. ओघ होता, नाद होता. अजून दोन पानं सहज झाली असती. भिंतही वाचली असती.

फाडून टाकलं. मग तुकडेही रीसायकलच्या डब्यात न टाकता कचऱ्याच्या लाल डब्यात टाकले. पुनर्जन्म नको.

१६ मे, शुक्रवार

फ्लेक्सी (जादा तासांच्या बदल्यातली रजा) घेऊन साइटवर. ऊन पडलं होतं. ऑ.ने ताडपत्री वर केली आणि मी माझ्या सगळ्या तक्रारी गिळल्या.

शेंदराचं तेल वाळूत शिरलंय. शेलला ते लागलंच नाही, पावसाच्या ओलीने तिथला शेंदूर ओघळून गेला. वाळूने मात्र तेल पिऊन घेतलंय, आणि परवापर्यंत नुसती फिकट पट्टी होती तिच्यात आता सगळं दिसतंय. कडेला समांतर जाणाऱ्या बारीक रेषा, वाहत गेल्याच्या. मधे शेलचे काळे टोकदार तुकडे, कडेवरून उपटून वर नेलेले. टोकदार म्हणजे भिंत तेव्हाच टणक होती, मऊ असती तर कडा वेड्यावाकड्या चुरगळल्या असत्या. ताडपत्रीखाली आणखी दोन बारीक शिराही दिसल्या, त्याच खालच्या थरातून निघालेल्या. आणि सोंडेचं टोक! सोंड जिथे संपते तिथून केसाएवढे तीन फाटे फुटलेत आणि तिन्ही शेलमध्येच मरतात. वर काहीही उघडं नाही. म्हणजे वरून पडून भरलेली नाही. खालून आली, जोराने आली, जोर संपला तिथे थांबली.

लॅबमध्ये रंग लावून करतात ते आईंनी डिकीतल्या शेंदराने केलं. देवाने मला चिडवायचं ठरवलं असेल तर हात चांगला बसलाय त्याचा.

तेवढ्यात आई आल्या. दि.दां.नी कामावर जाता जाता सोडलं होतं, दर्शनाला. ऑ.ने त्यांना हेल्मेट घातलं, अंबाड्यावर बसेना, तिरपंच राहिलं. मी त्यांना खुर्ची दिली. आणि म्हटलं, आज पुरतं बोलायचंच. सगळं सांगितलं. डबा आपटणं, तांदूळ, पाणी, तडा, सगळं. फाटे दाखवले.

त्यांनी वाकून फाटे पाहिले. मग म्हणाल्या, "वाळू आहे हे मला दिसत होतं गं. भाद्रपदात आणतो तो कशाचा असतो? मातीचाच ना?"

हे मला सुचलं नव्हतं.

म्हटलं, पण पाटीवर स्वयंभू लिहिणार आहेत. आणि वाळूचं काही नाही.

"वाळूचं का नाही?"

लोकांत फूट पडेल म्हणून, असं दादा म्हणतात.

आई शिरेकडे बघून म्हणाल्या, "दिलीप लहानपणीही असाच. पानात दोन भाज्या एकमेकींना लागलेल्या चालायच्या नाहीत."

निघताना मी विचारलं, शेंदूर परत लावणार का? म्हणाल्या, तू म्हणशील तर नाही लावणार, दिसतंय ते झाकलं जाईल. पण नमस्कार करीन.

करा की. नमस्काराने पोपडे सुटत नाहीत.

१८ मे, रविवार

मीटिंग. वेंटवर्थव्हिलच्या रेस्टॉरंटची वरची खोली, समोसे, एक लांब टेबल, शेवटी आई स्वतःहून येऊन बसलेल्या. नीट लिहून ठेवते, मिनिट्समध्ये यातलं काही येणार नाही.

मी प्रयोग नेला होता. आइसक्रीमचा रिकामा डबा, तळाला हार्डवेअरमधली वाळू, काठोकाठ पाणी, वर मुलतानी मातीचा जाड थर. तीन दिवस वरून वाळवला, छान तडकला होता. बोलले. लाटण्याने डब्याला ठोकलं.

काही नाही.

पुन्हा. काही नाही. खाली कोणीतरी तळलेल्या मिरच्या मागवल्या ते ऐकू आलं. उपाध्यक्ष हळूच म्हणाले, वहिनी, ऑफिसमध्ये डेमोचं असंच होतं.

मग दि.दां.नी प्रश्न विचारला आणि तो बरोबर होता. "अरु, भूकंपच होता, असं तू खात्रीने सांगशील?"

नाही, मी म्हटलं. वाळू खालून आली, जोरात आली, एवढं खात्रीने. भूकंपाने आली ही शक्यता सगळ्यात मोठी, एका भिंतीत तीन शिरा एकाच थरातून निघाल्या आहेत म्हणून. पण वरून गाळाचं ओझं झपाट्याने पडलं तरी असं होऊ शकतं. शपथेवर नाही सांगणार.

खोलीत सुटकेचा नि:श्वास. बघा, तिलाच खात्री नाही. आईंना आहे. लोकांना खात्रीवालं आवडतं. त्यांचा दोष नाही, मलाही कॉफी खात्रीवालीच लागते. एकाने म्हटलं मग स्वयंभू लिहायला काय हरकत? दुसऱ्याने म्हटलं, तिला हरकत घ्यायची सवय आहे, सदर वाचत नाही का तुम्ही? तिसरा हिंदीत सुरू झाला. सगळे एकदम. मी लाटणं धरून उभी.

दि.दा. उठले आणि दोन्ही तळहात टेबलावर आपटले. एकदा, दोनदा, तीनदा. "अरे, एका वेळी एक!"

आणि डबा बोलला.

मुलतानी मातीच्या तड्यातून आधी पाणी, मग राखी रंगाची वाळू, बारीक रांगेने, वर. तड्याच्या कडेचा एक कपचा उचलून बाजूला लोटला. इतकं हळू आणि इतकं ठाम. दि.दां.चे हात तसेच टेबलावर. वाळू चढून कडेला पसरली, त्यांच्या अजेंड्यापर्यंत आली.

आई म्हणाल्या, "दिलीप, तुझ्यामुळे झालं बघ."

लोक हसले. मला वाटलं जिंकलो.

नाही. हसून झाल्यावर दि.दां.नी कागदाने वाळू पुसली आणि म्हणाले, सायन्स एकदम मस्त, अभिनंदन अरु, पण पाटीचं काय? मी म्हटलं, पाटीवर हे लिहा: 'खालून आलेली वाळू. बहुधा भूकंपाने. नक्की माहीत नाही.' आणि ज्याला नमस्कार करायचा त्याने करावा, काचेला बोटं लावू नयेत. 'नक्की माहीत नाही' या शब्दांवर जी शांतता पडली ती भूकंपाहून मोठी. ते तीन शब्द काढ, उपाध्यक्ष म्हणाले, मग बघू. मी म्हटलं, बाकीचे सगळे काढा, ते राहू द्या.

खिडकी आणि माझी पाटी, यावर मतं बरोबर अर्धी अर्धी. निर्णायक मत अध्यक्षांचं. अध्यक्ष म्हणाले, मी उद्या सकाळपर्यंत विचार करतो. म्हणजे काँक्रीट येईल आणि त्यांना विचार करावा लागणार नाही.

जिन्यात ऑ. भेटला. त्याला सल्लागार म्हणून बोलावलं होतं. बुटांच्या नाड्या बांधत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "एक सांगतो अरुताई. भिंतीसमोर माणूस असेल तर स्प्रे मारता येत नाही. सेफ्टी. नियम म्हणून सांगतोय हां. आयडिया म्हणून नाय."

मागे कठड्याला धरून आई उतरत होत्या. ऐकू कमी येतं म्हणतात त्यांना. काही खरं नाही.

१९ मे, सोमवार

साइटवरून लिहितेय. खुर्चीत.

ऑफिसला कळवलं, येत नाही. कारण विचारलं तर उद्या नम्र उत्तर लिहीन, त्याचा मला सराव आहे. ईराने सोडलं. सोडताना म्हणाली, "मम, डोंट गेट अरेस्टेड, आय हॅव क्लास टिल फोर." मग परत फिरून तिचा स्कार्फ माझ्या गळ्यात टाकून गेली.

सेफ्टीच्या पिवळ्या रेषेच्या आत माझी घडीची खुर्ची. मागे भिंत. ऊन अजून तळापर्यंत उतरलेलं नाही, शीर सावलीत केशरी दिसते.

मी बसून थोडाच वेळ झाला आणि उतारावरून आई. दर्शनाला म्हणून दि.दां.कडून सोडून घेतलं आणि त्यांना सांगितलं, तू जा, मी बसते. स्वतःची खुर्ची आणली आहे, बाल्कनीतली, प्लास्टिकची. तिरपं हेल्मेट. मांडीवर डबा.

ऑ. दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मॅडम, इथे बसता येत नाही." दुसऱ्यांदा हळू, चहा हवा का.

पंपाचा ट्रक गेटवर. इंजिन चालू. नळी अजून गुंडाळलेली. पंपवाला ऑसी पोरगा आहे, लांबून ओरडला, "नो वरीज लेडीज, टेक योर टाइम!" त्याला तासावर मिळतं.

आईंना म्हटलं, तुम्ही देवासाठी बसलात, मी वाळूसाठी. उद्या कोणी म्हणेल अरु शेवटी आईंच्या गणपतीमागे लपली. ते मला चालणार नाही. आधीच सांगते.

आई म्हणाल्या, "मग तू जरा पुढे सरक. मी तुझ्यामागे लपते."

सरकले. पाच मिनिटांनी पुन्हा म्हणाल्या, एवढं खालून वर आलंय ते. वरून झाकायचं म्हणजे काय.

डब्यात दाण्याचे लाडू. चिकटून बसले होते. त्यांनी डबा तळहातावर आपटला, दोनदा. मी चमकून मागे भिंतीकडे पाहिलं. त्या बघत होत्या मी बघते का. हसल्या नाहीत, पण लाडू मोठा दिला.

मिलिंदचा मेसेज: हरलीस का? लिहिलं: अजून नाही, लाडू खातेय.

वर गेटपाशी दि.दां.ची गाडी परत आली आहे. उतरले. पंपवाल्याशी बोलतायत, हात हलवून. ऑ. त्यांच्याजवळ गेला. फोन कानाला, फोन खाली, परत कानाला. आता फोन खिशात टाकला. डिकी उघडली. हेल्मेट घातलं. डिकीतून काहीतरी काढलं आणि उताराला लागले, एकटेच, सावकाश, ऑफिसच्या बुटांनी घसरत.

आम्हाला उठवायला येतायत की बसायला, कळत नाही. आई म्हणतात हातात खुर्ची आहे. आईंना लांबचं दिसत नाही. मला दिसतं, पण ऊन नेमकं त्यांच्या मागून येतंय. वही मिटते.